उरलेला पान्हा

इथं सेक्वाना एवढीशीच आहे.
लंगडा माणूसही तिला ओलांडतो
काठी न टेकता.
खाली लुटेशियाला म्हणे तिच्यावर जहाजं चालतात.
सांगणारा नावाडी होता, खोकल्यानं वाकलेला,
छाती करून घ्यायला आलेला.
मी त्याला ओकाची छाती दिली, फासळ्या मोजून,
आणि जहाजांचं काही खरं मानलं नाही.

मी पाय करतो. हात, डोकी, गुडघे.
डोळे ब्रिकोस करतो, पलीकडच्या टपरीत,
पितळेच्या पत्र्यावर ठोकून, आणि महाग विकतो.
माझं लाकूड ओकाच्या गाभ्यातलं.
पाण्यात ते कुजत नाही, काळं पडत जातं.
बापाने केलेले पाय अजून कुंडाच्या तळाशी आहेत,
शेवाळाचे मोजे घालून.

दुखणं विचारायचं नाही, ही बापाची शिकवण.
दाखव, एवढंच म्हणायचं.
कुणी पोटावर मूठ ठेवतं,
कुणी स्वतःच्या गुडघ्याकडे बघतं
शेजाऱ्याच्या बैलाकडे बघावं तसं.
एकच प्रश्न मात्र विचारावा लागतो:
नवस बोलायचा की फेडायचा?
बोलायचा असेल तर मी सूज ठेवतो,
फेडायचा असेल तर वाळूने घासून गुळगुळीत करतो.
देवीला हिशोब कळायला हवा.

कारांतिला आली तेव्हा धुकं होतं.
दोन दिवस चाललेली, लोकरीचं टोपडं चिंब.
म्हणाली, स्तन.
दोन्ही?
डावा.
बोलायचा की फेडायचा?

ती भुशाकडे बघत राहिली.
शेजारच्या फळीवर दगडी बाळं मांडलेली होती,
कापडात घट्ट गुंडाळलेली, विकायची.
तिने त्यांच्याकडे पाठ केली.
पोर सातव्या दिवशी गेलं, म्हणाली,
पान्हा नवव्या दिवशी आला.

पटाशी हातात तशीच राहिली.
मग सूज ठेवू की घासू?
जसा आहे तसा कर.

मी तिच्याकडे बघितलं नाही,
तिच्या अंगरख्यावरच्या ओल्या डागाकडे बघून कोरलं.
नेमकी बोंडाच्या जागी लाकडात गाठ निघाली.
एरवी असा तुकडा मी चुलीत टाकतो.
संध्याकाळी तिने दोन नाण्यांसाठी घासाघीस केली,
मला बरं वाटलं.

कुंडावर देवी नावेत उभी असते.
नावेचं तोंड बदकाचं, चोचीत गोल फळ.
देवीचे दोन्ही हात पुढे,
देतेय की मागतेय, आम्हा कुणालाच ठाऊक नाही.
पुजाऱ्याच्या पोऱ्याने पाटी हातात घेऊन विचारलं,
बोललेला की फेडलेला?
कारांतिला वाकली.
आधी तिचंच दूध पडलं पाण्यात,
वीतभर पांढरं झालं,
मग पुन्हा पाणी.
मग तिने लाकूड सोडलं.

कोरडा ओक लगेच बुडत नाही,
दोन-तीन दिवस घेतो.
तो फिरला, पायऱ्यांना घासला,
आणि सांडव्यावरून खाली गेला.
पोऱ्या काठी घेऊन धावला. असं चालत नाही, ओरडला,
कुंडातलं कुंडात राहायला हवं.
जाऊ दे, ती म्हणाली.
एवढ्या जोराने म्हणाली
की शेळ्या पाणी प्यायच्या थांबल्या.

रात्री मी पाण्याचा आवाज ऐकत पडलो.
खरंच जहाजं असतील तर
एखादा नावाडी तो वल्ह्याने बाजूला सारेल,
किंवा उचलून बघेल
आणि गाठीवर अंगठा ठेवेल.
तिथं त्याला कोण सांगणार
कोणत्या रकान्यात लिहायचं.

सकाळी सेनोविर आला, मेंढपाळ,
उजवा गुडघा पुढे करून.
दाखव, म्हटलं. त्याने दाखवला.
पुढचा प्रश्न मी विचारला नाही,
आणि मग सूज ठेवावी की घासावी
ते कळेना.
अर्धी ठेवली.